आधी पेनड्राइव्हवर चालवून पाहा

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, बरेच जुने संगणक तिथेच अडतात. जिंतूर किंवा गंगाखेडच्या एखाद्या सेवा केंद्रात असे यंत्र असेल, तर ते भंगारात काढण्याआधी लिनक्स तपासून पाहावे. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने बनवलेली, डेबियनवर आधारलेली 'बॉस' प्रणाली मराठीतही चालते.

लिनक्सचाच दुसरा प्रकार असलेल्या उबंटू २४.०४ ची आयएसओ फाइल जवळपास ६ जीबीची आहे. रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर ती एका दिवसात उतरणार नाही. तुकड्यातुकड्याने उतरवलेली फाइल एसएचए-२५६ बेरजेशी ताडून घ्या. हा कंटाळवाणा भाग आहे, पण अर्धवट फाइल स्थापनेच्या मध्येच दगा देते. मग रूफस किंवा व्हेंटॉय वापरून पेनड्राइव्ह तयार करा. त्यातला जुना डेटा पुसला जातो, म्हणून लग्नाचे फोटो आधी काढून ठेवा.

संगणक या पेनड्राइव्हवरून सुरू करून 'ट्राय' निवडल्यास प्रणाली पेनड्राइव्ह आणि रॅममधून चालते, हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय, प्रिंटर, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तपासा. सेवा केंद्रवाल्यांनी सर्वांत आधी बोटांचे ठसे घेणारे यंत्र जोडावे. त्याचा लिनक्स ड्रायव्हर नसेल तर विषयच संपला.

प्रत्यक्ष स्थापना भारनियमनाच्या वेळेत नको. पार्टिशन लिहिताना वीज गेली तर डिस्कवरचा डेटा जाऊ शकतो. यूपीएस नसेल तर चार्ज केलेला लॅपटॉपच घ्या.