ड जीवनसत्त्व : वीट की निरोप?

‘ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुडदूस होतो’ हे वाक्य तुम्ही पाठ केले असेल. पण हाड बनते ते मुख्यतः कॅल्शियम, फॉस्फरस आणि कोलॅजेन हे प्रथिन यांचे. त्या भिंतीत ड जीवनसत्त्वाची वीट कोठेच नसते! मग त्याच्या अभावी हाडे मऊ का पडतात? कारण ते पेशींतील जनुकांना जाणारा एक निरोप आहे.

उन्हातील अतिनील किरणांमुळे आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. त्यात आधी यकृतात व मग मूत्रपिंडात थोडा बदल होऊन कॅल्सिट्रायॉल हा कार्यक्षम पदार्थ बनतो आणि रक्तावाटे सर्वत्र पोचतो.

हाड बांधणाऱ्या अस्थिजनक पेशींना आपण गवंडी म्हणू. कॅल्सिट्रायॉल या पेशींत शिरते आणि ४२७ ॲमिनो आम्लांच्या एका ग्राही प्रथिनात, कुलपात किल्ली बसावी तसे, बसते. हा ग्राही दुसऱ्या एका प्रथिनाला जोडीला घेऊन डीएनएवरील ठरावीक जागा शोधतो. तेथे सहा-सहा अक्षरांचे दोन जवळजवळ सारखे शब्द असतात आणि त्यांच्यामध्ये तीन अक्षरे. जोडी तेथे बसली, की संबंधित जनुकाची नक्कल निघते व तिच्यावरून प्रथिन बनते. कॅल्शियमला धरून ठेवणारे ऑस्टिओकॅल्सिन हे त्यांपैकीच एक. उंदराच्या हाडातील अर्बुदाच्या पेशी कॅल्सिट्रायॉल मिळताच हे प्रथिन अधिक बनवतात, असे १९८० मध्ये आढळून आले.

गंमत पुढेच आहे. याच निरोपाने गवंड्यांमधील आणखी एक जनुक जागे होते आणि त्यापासून बनणारे प्रथिन हाड पोखरणाऱ्या पेशी तयार करवते! बांधणाऱ्यानेच पाडणाऱ्याला का बोलवावे? रक्तातील कॅल्शियम फार उतरले, तर हृदयाचे व स्नायूंचे काम बिघडते. म्हणून आहारातून कॅल्शियम कमी पडले, की शरीर ते हाडांतून उसने घेते.

काही मुलांत हा ग्राही जन्मतःच सदोष असतो. ड जीवनसत्त्व भरपूर असूनही त्यांना मुडदूस होतो; निरोप येतो, पण घेणारा कोणी नसतो. अशा मुलांना शिरेवाटे दीर्घकाळ कॅल्शियम दिल्यावर मात्र त्यांची हाडे सुधारली. यावरून काय दिसते? या निरोपाचे सर्वांत मोठे काम आतड्यात चालते. तेथील जनुके जागी झाली, तरच अन्नातील कॅल्शियम पुरेसे शोषले जाते. विटाच आल्या नाहीत, तर गवंडी काय करणार?

तेव्हा ऊन हवे आणि दूध, नाचणीही हवी. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. निरोप अती झाला, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.