मानांकन : चिकूचे आणि रुग्णालयाचे

डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वाचले असेल. हीच संज्ञा रुग्णालयांच्या संदर्भातही वापरली जाते. ‘मान’ म्हणजे माप आणि ‘अंकन’ म्हणजे खूण करणे. ठरलेल्या मापाने मोजून उमटवलेली खूण म्हणजे मानांकन. चिकूचे मानांकन त्याच्या भूमीशी व त्या भूमीने दिलेल्या गुणांशी निगडित असते. रुग्णालयाचे मानांकन तेथील कार्यपद्धतीशी.

येथे ‘नोंदणी’ आणि ‘मानांकन’ यांतील भेद ध्यानात घ्यावा. खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी 1949 च्या कायद्यानुसार होते. ती सेवा चालवण्याची परवानगी होय. काम ठरलेल्या निकषांनुसार चालते, याची बाहेरच्या परीक्षकांनी केलेली पडताळणी म्हणजे मानांकन. सरकारी आरोग्यसंस्थांसाठी 2013 मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानके लागू झाली. त्यांनुसार पडताळणी चार मार्गांनी होते : प्रत्यक्ष निरीक्षण, कर्मचाऱ्यांशी संवाद, नोंदींची तपासणी आणि रुग्णांची मुलाखत. हात धुण्याची सूचना भिंतीवर असून भागत नाही. नळाला पाणी आहे का, परिचारिकेला पद्धत ठाऊक आहे का, हेही पाहिले जाते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते. म्हणजेच सुरक्षितता एकदा मिळवून संपत नाही, ती रोज पाळावी लागते.

आता दुसरा मुद्दा : निष्कर्ष जाहीर करणे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने 1990 च्या सुमारास हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण रुग्णालयनिहाय प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढील काही वर्षांत हे प्रमाण लक्षणीय घटले. मागे पडलेल्या रुग्णालयांना आपल्या उणिवा शोधणे भाग पडले. मात्र आकडे चांगले दिसावेत म्हणून गंभीर रुग्ण नाकारले जातील, अशी शंकाही तेव्हा घेतली गेली. म्हणून आकडेवारी मांडताना रुग्णांच्या मूळ प्रकृतीचा हिशोब धरावा लागतो.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून 10 अर्भके दगावली. राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. तरीही 23 एप्रिल रोजी पालघर जिल्ह्यातीलच विरार येथे एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून डझनाहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. तपासणीचा निष्कर्ष कागदपत्रांत बंद राहिला, तर दाराशी आलेल्या नातेवाइकाला त्याचा उपयोग नसतो. 2021 मध्येच सुधारलेल्या नियमांनी शुश्रूषागृहांत रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे आवश्यक केले. तपासणीचे निष्कर्षही तसेच दिसले पाहिजेत.

अखेरीस भाषेचा प्रश्न उरतो. डहाणू-तलासरीत वारली बोलणाऱ्या मातेला इंग्रजी संक्षेपांनी भरलेला फलक काय सांगणार? जी माहिती कळत नाही, ती जाहीर झाली असे म्हणता येत नाही.

स्वाध्याय : आपल्या जवळच्या रुग्णालयातील एक फलक निवडा. रुग्णाला तो समजेल का, याचे परीक्षण करून त्याचे सोप्या मराठीत पुनर्लेखन करा.