ब्रेकवर भरवसा न ठेवणारा देश

हालिंगदाल (नॉर्वे), फेब्रुवारी

मानखुर्दकरांना घसरणं नवीन नाही. ऑगस्ट 2021मध्ये घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरचा उड्डाणपूल सुरू झाला आणि लगेच पावसात त्यावर दुचाक्या घसरू लागल्या, आठवत असेल. इथल्या डोंगरातल्या गावांत रस्ता चार-पाच महिने तसाच असतो, शिवाय उताराचा.

माझ्या दारापासून हमरस्त्यापर्यंतचा उतार दहा मीटरला एक मीटर. कोरड्या डांबरावर ताशी 50च्या वेगातली गाडी ब्रेक मारल्यावर बारा-तेरा मीटरांत उभी राहते. सपाट, ओल्या बर्फावर तिलाच शंभरेक मीटर लागतात. आमच्या उतारावर तर टायरची पकड उताराच्या ओढीपुढे कमी पडते. चाकं थांबतात, गाडी थांबत नाही. पहिल्या हिवाळ्यात हे मी शेजाऱ्याची टपालपेटी आडवी करून शिकलो. शेजारी बाहेर आला, पेटीकडे बघितलंही नाही. माझे टायर न्याहाळले आणि म्हणाला, "आज शून्य अंश आहे ना."

मला वाटायचं, थंडी जितकी जास्त तितका धोका जास्त. उलटं आहे. उणे पंधराला बर्फ खरखरीत असतो. शून्याच्या आसपास त्यावर पाण्याचा पापुद्रा धरतो आणि रस्ता तेल सांडल्यासारखा होतो. या निसरड्याला इथे 'होल्के' म्हणतात. कडाक्याच्या थंडीत मिठाचाही उपयोग होत नाही. मग वाळूत कढत पाणी मिसळून ती रस्त्यावर पसरतात. गरम वाळू बर्फात रुतते, तिथेच गोठते आणि रस्त्याचा पॉलिशपेपर होतो. ही युक्ती मला फार आवडते.

हिवाळ्यात टायरची नक्षी किमान 3 मिलिमीटर खोल लागते. 1 नोव्हेंबरपासून ईस्टरनंतरच्या रविवारपर्यंत खिळ्यांचे टायर चालतात, उत्तरेकडे त्याआधीपासून. खिळे डांबर खरवडून धूळ उडवतात म्हणून ऑस्लोत त्यांच्यावर शुल्क आहे. परवान्याआधी घसरड्या मैदानावरचा वर्गही सक्तीचा. मी तिथे स्टंट शिकायला मिळतील अशा आशेने गेलो होतो. गाडी किती सहज हाताबाहेर जाते एवढंच दाखवून घरी पाठवलं.

खरा देश दिसतो तो हार्डांगरविड्डा पठारावरच्या रस्त्यावर. उंची सुमारे 1,250 मीटर, महाबळेश्वरापेक्षा थोडी कमीच, पण झाडं नाहीत आणि वारा मोकाट. रस्त्याची कड कळावी म्हणून बर्फ पडण्याआधीच दुतर्फा उंच काठ्या रोवून ठेवतात. हवा बिघडली की फाटक पडतं. मग बर्फ सारणारी गाडी पुढे आणि मागे मोजक्या गाड्यांचा ताफा, पुढच्याच्या लाल दिव्यावर नजर ठेवून. तासन्‌तास थांबावं लागलं तरी हॉर्न वाजत नाही. आपल्याकडे फाटकाखालून स्कूटर काढणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला दोन हिवाळे लागले.

उतरताना मात्र मला एसटीचे जुने ड्रायव्हरच आठवतात: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. इथेही तेच, फक्त त्याहून हळू.

भारतीय परवान्यावर इथे पहिले तीनच महिने गाडी चालवता येते. हिवाळ्यात येणार असाल तर टाकी भरून घ्या, गाडीत पांघरूण ठेवा, आणि फाटक बंद दिसलं तर खालच्या गावात मुक्काम करा. पिठलं दुसऱ्या दिवशी गरम करून देईन.