एका फ्रेमसाठी वीस सेकंद

संगणकावर केलेले चित्र टेपवर उतरवायचे, एवढेच काम. पण 1985 ते 1995 या काळात ज्यांनी ते केले त्यांना विचारा. चित्र तयार करण्यापेक्षा ते टेपवर नेण्यातच जास्त रात्री गेल्याचे सांगतील. संगणक घेताना लोक हौसेने पैसे मोजत आणि रेकॉर्डरपाशी येऊन अडकत. माझ्या मते या धंद्यातले खरे यंत्र संगणक नव्हतेच, ते होते टेपडेक. खरेदीची सुरुवात तिथून करून मागे संगणकापर्यंत यायला हवे होते, आणि बहुतेकांनी नेमके उलटे केले.

अडचण मुळात तालाची होती. पाल पद्धतीचा दूरदर्शन संच सेकंदाला 25 फ्रेम दाखवतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये 625 रेषा, म्हणजे सेकंदाला 15,625 रेषा. त्याही सलग नाहीत. आधी एकाआड एक रेषांचे एक फील्ड, मग उरलेल्या रेषांचे दुसरे. 1987 मध्ये आलेले आयबीएमचे व्हीजीए कार्ड मात्र सेकंदाला जवळपास 31,500 रेषा सलग काढत असे. या दोघांची गाठ घालायला मध्ये स्कॅन कन्व्हर्टर लागे. स्वस्तातला कन्व्हर्टर रेषा सरळ गाळून टाकी. चांगला असेल तो शेजारच्या रेषांची सरासरी काढून चित्र जरासे मऊ करी. हा मऊपणा दोष नव्हे, गरजच होती. एका पिक्सेलची आडवी रेघ दोनपैकी एकाच फील्डमध्ये येते, त्यामुळे टीव्हीवर ती सेकंदाला 25 वेळा लुकलुकते. मॉनिटरवर रेखीव दिसणारा तक्ता टीव्हीवर डोळे दुखवी तो यामुळेच.

कमोडोर कंपनीच्या अमिगाने ही गाठ जन्मापासूनच बांधून आणली होती. 1985 साली आलेल्या या संगणकाचे घड्याळच टीव्हीच्या संकेताशी जुळवलेले होते आणि बाहेरून आलेल्या व्हिडिओच्या तालावर ते चालवता येत असे. हे काम जेनलॉक नावाचा छोटा डबा करी. संगणकाच्या चित्रात पार्श्वभूमीचा रंग असेल तिथे मागचा व्हिडिओ दिसे, बाकी जागी अक्षरे. कार्यक्रमाच्या शेवटी सरकणारी नावे, खेळाचा धावफलक, बातमीखालची पट्टी अशा कामांसाठी याहून स्वस्त सोय तेव्हा नव्हती. त्याच काळातले कितीतरी महागडे संगणक रंगांच्या बाबतीत अमिगाच्या पुढे होते, पण टेपपाशी आले की मुकाट उभे राहत.

मात्र हे सगळे डोळ्यांसमोर हलणाऱ्या चित्रापुरते. त्रिमितीय दृश्याची एक फ्रेम काढायला काही मिनिटे, प्रसंगी तासही लागत. अशा फ्रेम एकेक करून टेपवर टाकायच्या, आणि टेप तर थांबलेल्या स्थितीत नीट रेकॉर्ड करतच नाही. म्हणून डेक आधी काही सेकंद मागे जाई, पळत पुढे येऊन वेग धरी, टाइमकोड (टेपवर नोंदलेला फ्रेमचा क्रमांक) जुळला की नेमकी एक फ्रेम टिपी आणि थांबे. मग पुढची फ्रेम, पुन्हा मागे. ही ये-जा सांभाळायला लायन लॅम्ब किंवा डायक्वेस्टसारख्यांचे कंट्रोलर असत. एका फेऱ्याला 20 सेकंद धरले तर एका मिनिटाच्या 1,500 फ्रेमना 8 तास 20 मिनिटे लागतात, तीही एकही चूक न होता. डेकने मध्येच एक फ्रेम हुकवली की चित्राला झटका बसे. टेपचा तोच तुकडा हेडवरून शेकडो वेळा घासला जाई, आणि हेड बदलण्याचा खर्च ऐकून मालकाचा चेहरा उतरे. घरगुती व्हीएचएस डेकचा इथे उपयोगच नव्हता, कारण त्याला फ्रेम नेमकी पकडता येत नसे.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी या फेऱ्यांतून वाट काढली. सोनीचा बीव्हीएच-2500 हा एक इंची टेपचा डेक मागे न पळता एकेक फ्रेम टिपू शके. लेझर डिस्क रेकॉर्डरमध्येही तीच सोय, पण बहुतेकांत लिहिलेली तबकडी पुसता येत नसे. अबेकसचा डिजिटल डिस्क रेकॉर्डर सर्वांत शुद्ध, मात्र त्यात मोजक्या सेकंदांचीच जागा. त्यामागचा हिशेब असा, की डिजिटल पाल फ्रेम 720 गुणिले 576 पिक्सेलची, पिक्सेलला दोन बाइट धरून सुमारे 8 लाख 29 हजार बाइट. म्हणजे सेकंदाला दोन कोटींवर बाइट. त्या वेळच्या साध्या हार्ड डिस्कला हा वेग झेपणे शक्यच नव्हते.

टेप कोणती घ्यायची यावर मात्र फार डोके शिणवायची गरज नव्हती. परवडत असेल तर बीटाकॅम एसपी, कारण ती रंग आणि उजेड वेगळे ठेवते. दोन्ही एकाच तारेतून गेले की गडद लाल रंग कडेने पसरतो, आणि नवशिक्यांना नेमका लालच फार आवडतो. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम 240 रेषांचा तपशील उरतो आणि प्रत्येक प्रतीत तो आणखी घटतो. तेव्हा वाटायच्या कॅसेट व्हीएचएसच्या असल्या तरी मूळ टेप वरच्या दर्जाची हवी.

1990 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यातल्या न्यूटेकने व्हिडिओ टोस्टर बाजारात आणला. अमिगात बसणारे हे कार्ड मिक्सिंगही करी आणि सोबत लाइटवेव्ह हे त्रिमितीय सॉफ्टवेअर देई. 1993 सालच्या ‘बॅबिलॉन 5’ या मालिकेच्या पहिल्या भागातली अवकाशयाने याच जोडीवर घडली. गोम अशी, की टोस्टर फक्त एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीवर चाले. आपल्याकडे 1982 पासून रंगीत दूरदर्शन पालवर. अमेरिकेहून येणाऱ्या पाहुण्याकडून तो मागवणाऱ्याला त्याचा थेट उपयोग नव्हता.

टेपच्या फेऱ्या सर्वसामान्यांसाठी संपवल्या त्या डीपीएस कंपनीच्या पर्सनल ॲनिमेशन रेकॉर्डरसारख्या कार्डांनी. कार्डाला स्वतःची हार्ड डिस्क, त्यात आकार कमी करून ठेवलेल्या फ्रेम, आणि तयार ॲनिमेशन खऱ्या वेगाने बाहेर. आता समोर कुठलाही डेक ठेवा आणि रेकॉर्डचे बटण दाबा. कंट्रोलरची गरजच उरली नाही. एक खोड तेवढी राहिली. फील्डचा क्रम उलटा पडला तर सरकणारी वस्तू पुढेमागे थरथरते, आणि संगणकाच्या मॉनिटरवर ते मुळीच कळत नाही. म्हणून जाणकार मंडळी रात्रभराचे रेंडर लावण्याआधी आडवा सरकणारा एक पांढरा चौकोन दोन सेकंद टेपवर घेत आणि साध्या टीव्हीवर लावून बघत.