पेनच्या आकारावर मालकी कुणाची?

राजमहेंद्रीचे रत्नम पेन प्रसिद्ध आहे. एबोनाइट या कडक रबराचा दांडा लेथवर कातून पेन घडवण्याची रीत मात्र साऱ्या कारागिरांची. दोन्ही टोकांना निमुळता होणारा आकारही तसाच सामाईक, त्यावर एकाने हक्क सांगणे अन्यायाचे ठरेल. डिझाइन कायदा, २००० हादेखील फक्त नव्या बाह्यरूपाला संरक्षण देतो: १० वर्षे आणि मुदतवाढीने आणखी ५. आतली यंत्ररचना त्यात येत नाही.

‘मग स्वतःचे नवे रूप योजणाऱ्या कारागिराने नोंदणी करावी, नक्कल झाल्याची तक्रार कशाला?’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. हाताने काम करणारा आधी पेन दाखवतो, विकतो, आणि गिऱ्हाईक लाभले तरच पुढचे घडवतो. पण अर्जाआधी रूप जाहीर झाले की कायद्याच्या लेखी त्याचे नावीन्य सहसा संपते. भौगोलिक मानांकनही पुरे पडत नाही. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये मिळाले, तरी २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने तशीच चप्पल मिलानमध्ये मांडली आणि मूळ कारागिरांचा उल्लेख टीकेनंतरच केला. म्हणून परंपरेचा आकार सर्वांना मोकळा असावा. एखाद्याने स्वतः योजलेली क्लिप वा नक्षी उचलताना मात्र, नोंदणी नसली तरी, त्याची परवानगी घ्यावी आणि नाव छापावे.