निवेदन आणि वाटाघाट

संघटनांचे आपण ढोबळमानानं दोन प्रकार करतो. कामगारांची ती युनियन आणि डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांची ती असोसिएशन. युनियन मागण्या करते, असोसिएशन चर्चासत्रं भरवते. महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी ही रेषा ओलांडली. ती का ओलांडली आणि त्यानं काय बदललं, एवढंच आज पाहू.

आधी कायदा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कामगाराला मालकाशी वाटाघाट करण्याची चौकट दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्थेलाही 'उद्योग' मानलं. पण १९८८ साली, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात, त्याच न्यायालयानं सांगितलं की शिक्षक 'कामगार' नव्हे. गंमत बघा, कारखाना आहे पण त्यात शिकवणारा कामगार नाही! म्हणजे या कायद्याचं दार बंद; उरलं निवेदन. आता निवेदन देणारा हात जोडतो. वाटाघाट करणाऱ्याच्या हातात मात्र रोखून धरता येईल असं काहीतरी असावं लागतं.

प्राध्यापकाच्या हातात काय असतं? परीक्षा. २०१३ मध्ये 'एमफुक्टो' या राज्य महासंघानं फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. आपल्या विद्यापीठातली 'स्वामुक्टा' ही त्याच महासंघाची घटक संघटना. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या अध्यापकांचा प्रश्न, या मुख्य मागण्या. उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर मे महिन्यात बहिष्कार संपला. शासनानं ७१ दिवसांचं वेतन कापलं, आणि पुढं त्यासाठीच वेगळं भांडण उभं राहिलं.

इथं तत्त्वज्ञानाचा प्रश्न येतो. गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा बुडतो. परीक्षा थांबली तर मंत्रालयाचं थेट काय बुडतं? निकाल अडकतो तो इस्लापूरहून नांदेडच्या विद्यापीठाची परीक्षा देणाऱ्या मुलाचा. वाटाघाटीच्या टेबलावर त्याला खुर्ची नसते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट सांगतो. हा आक्षेप खरा आहे, तो झटकून चालणार नाही.

मग पुन्हा हात जोडायचे का? नाही. मागण्यांचा क्रम बदलायचा. रिकाम्या जागा भरा, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाला जगण्याजोगं वेतन द्या, या मागण्या सगळ्यात वर ठेवा. कारण त्या जितक्या अध्यापकाच्या, तितक्याच त्या मुलाच्या आहेत. शिकवायला माणूसच नसेल तर परीक्षा वेळेवर होऊन त्याला काय मिळणार? त्याचं हित मागणीत असेल, तरच त्याला थोडं थांब म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचतो.