दिव्याचा राखणदार

जुन्या काचेच्या दिव्यात टंगस्टनची बारीक तार असे. ती तापली, की विजेला होणारा तिचा विरोध वाढे आणि जास्त वीज आत शिरण्यास आपोआप अटकाव होई. तो दिवा जणू स्वतःच स्वतःचा राखणदार होता. आता घरोघरी त्याची जागा घेतलेल्या एलईडी दिव्याचा स्वभाव मात्र नेमका उलटा आहे.

पांढऱ्या प्रकाशाच्या चिमुकल्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट दाब पुरतो. दाब त्याहून थोडासा वाढला, तरी प्रवाह भराभर वाढतो. प्रवाह वाढला की दिवा तापतो, आणि तापलेला दिवा तेवढ्याच दाबाला आणखी प्रवाह ओढतो. हे चक्र सुरू झाले, की तो जळण्यास वेळ लागत नाही. म्हणून त्याला बाहेरचा राखणदार द्यावा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. दाब हवा तसा कमीजास्त करून प्रवाह ठरल्या मापात ठेवणे, हे त्याचे काम.

एखाद्या हौशी मुलाने अभ्यासासाठी दिवा करावयाचे मनात आणले आहे, असे समजू. त्याच्यापाशी १ वॅटचे १० एलईडी आहेत. ड्रायव्हरवर ‘३०० मिलिअँपियर, २४ ते ४२ व्होल्ट’ असे छापले आहे. असे एलईडी साधारणतः ३५० मिलिअँपियर प्रवाह सोसतात. तेव्हा ती चिंता नाही. आता एकाचे ऋण टोक दुसऱ्याच्या धन टोकाला, अशी त्यांची माळ ओवावी. ही एकसर जोडणी होय. तीत प्रवाह सर्वांतून सारखाच वाहतो. दाबाची मात्र बेरीज होते. तीन दाहे तीस! ३० व्होल्ट हे २४ आणि ४२ यांच्यामध्ये बसतात, जोडी जमली. पाचच दिवे असते, तर १५ व्होल्टांवर ड्रायव्हर अडखळता आणि दिवे लुकलुकत राहते. सोळा दिव्यांना लागणारे ४८ व्होल्ट त्याच्या आवाक्याबाहेरचे.

मोठा ड्रायव्हर आणून दोन माळा शेजारी शेजारी जोडण्याचा मोह कित्येकांना होतो. पण एक माळ तुटली, की सगळा प्रवाह दुसरीवर कोसळतो. एकाच माळेत निदान एवढे भय नाही. एक दिवा तुटला तर सारे विझतात, इतकेच.

दिवे ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवावेत, म्हणजे उष्णता पसरून जाते. आधी दिवे ड्रायव्हरला जोडावेत आणि मगच ड्रायव्हर २३० व्होल्टांच्या विजेला, तोही जाणत्या वडीलधाऱ्यांच्या हातून. कारण दिव्यांवाचून चालू केलेला ड्रायव्हर आपला दाब वरच्या टोकाला नेऊन ठेवतो. त्या स्थितीत माळ जोडली, तर साठलेली वीज एकदम आत घुसते आणि राखणदाराच्याच हातून दिव्यांचा घात होतो.